शेठजींच्या पाठीमागचा पट्टा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी कापलेला आहे. नारायणगावच्या बाहेर एका गॅरेजच्या मागच्या अंगणात एक चेपलेली पांढरी गाडी उभी आहे. तिच्या डाव्या खांबात मी अडकलो आहे. मी एक जुना सीटबेल्ट. माझा अर्धा भाग आत गुंडाळीत रुतलाय, अर्धा बाहेर लोंबतोय, आणि टोकाला कोयत्याचा तिरका घाव आहे. मला आत जाता येत नाही आणि बाहेरही येता येत नाही. गॅरेजवाल्याच्या कोंबड्या येऊन माझ्या सुटलेल्या धाग्यांना चोच मारून जातात. अडकून पडणं मला नवं नाही म्हणा. माझा सगळा जन्म त्यातच गेला.

पण जन्मलो तेव्हा काय तोरा होता माझा! पॉलिएस्टरचे शेकडो धागे एकत्र विणून मला घडवलं. मग कारखान्यात एका यंत्रानं माझ्यासारख्याच एका तुकड्याला दोन्ही टोकांनी धरून ताणलं. दोन टनांच्या वर ओढ दिली, तरी पठ्ठ्या तुटला नाही. तिथल्या साहेबांनी वहीत बरोबरची खूण केली. मी शेजारच्या रिळावरून बघत होतो. अहो, छाती फुगली माझी!

माझा स्वभावही सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या गुंडाळीच्या बुडाशी एक पोलादी गोळी असते, इवल्याशा वाटीत बसलेली. गाडी ताशी ऐंशीनं पळू दे की शंभरानं, वेग एकसारखा असला की गोळी वाटीत स्वस्थ बसते आणि मीही स्वस्थ. मला वेगाशी काही देणंघेणंच नाही. पण वेग एकाएकी बदलला, गाडी कचकन अडली, की गोळी वाटीतून पुढं धावते, वरचा दाता उचलते आणि मी जागच्या जागी गच्च होतो. तुमच्या पुस्तकात या वेग बदलण्याच्या दराला त्वरण म्हणतात. वेग कमी होत असला तरी ते त्वरणच, फक्त उलट्या दिशेचं. लोक उगाच म्हणतात, वेगानं माणूस मेला. वेगानं कुणी मरत नाही हो. वेग नको इतक्या थोड्या वेळात संपतो, म्हणून मरतो.

मला ज्या गाडीत बसवलं ती साधी होती. पुढं हवेच्या पिशव्या नाहीत, बेल्ट लावा म्हणून टुंटुं वाजणारं काही नाही. पुढच्या माणसांसाठी जे काही करायचं ते मी आणि चालकाच्या बाजूचा माझा जुळा भाऊ, आम्ही दोघांनीच. राजुरीच्या पुनमचंद शेठजींनी ती गाडी घेतली. त्यांचं भुसार मालाचं दुकान. आजोबा-पणजोबा कधीतरी मारवाडातून आले, पण शेठजी अस्सल राजुरीचे. देवळात स्तवन म्हणतील मारवाडी चालीत, आणि दुकानात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतील आपल्या जुन्नरी मराठीत. गाडी दारात आली तेव्हा त्यांच्या पत्नी प्यारीबाईंनी तिला ओवाळलं, नारळ फोडला, आणि मलाही कुंकवाचं एक बोट लावलं. माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच कौतुक.

आता शेठजींचा एक नेम होता. दर आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, पहाटे अंघोळ करून, पूजेची धोती नेसून, अंगावर उपरण्यासारखा खेस घेऊन ते नारायणगावच्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला जायचे. ही पूजेची वस्त्रं फार जपायची असतात. ती नेसून खायचं नाही, प्यायचं नाही, आणि वापरातल्या, उष्ट्या-खरकट्या हाताच्या वस्तूला ती लागू द्यायची नाहीत. बाकीचे लोक देरासरात जाऊन कपडे बदलतात. शेठजींना ते पटायचं नाही. वडील घरूनच नेसून जायचे, म्हणून हेही घरूनच. सीटवर धुतलेली चादर अंथरायची आणि अंग चोरून बसायचं.

पहिल्याच चौदसला मी त्यांच्या खांद्याला लागलो. शेठजी दचकले, जणू पालच पडली अंगावर.

"रामनाथ, अरे हा पट्टा! ह्याला सगळ्यांचे हात लागतात. काल बाजारात ह्याच सीटवर बसून तो पावणा भजी खात होता ना?"

रामनाथ त्यांचा चालक. वर डोंगरातल्या तळेघरचा. बायको प्रतिभा आणि म्हातारे आईवडील तिकडं भात-नाचणी करायचे, आणि हा आठवडाभर राजुरीत दुकानामागच्या खोलीत राहून गाडी चालवायचा. शांत माणूस, विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

"मागं टाकू का शेठ?" तो म्हणाला. त्यानं मला ओढलं, सीटच्या पाठीवरून आडवं फिरवलं आणि खटकन कुलपात अडकवलं. वरून सीटचं कव्हर चढवलं.

झालं! संपलं माझं आयुष्य. पूजेपुरतं म्हणून मागं टाकलेला मी कायमचा मागं राहिलो. परत कोण काढतंय? शेठजींच्या पाठीच्या आणि सीटच्या मध्ये मी नऊ वर्षं दबून राहिलो. उन्हाळ्यात घामाचा दर्प, पावसाळ्यात बुरशी. ज्या छातीला धरण्यासाठी मला विणलं ती छाती माझ्यापासून एका वितीवर, आणि मी तिच्या उलट्या बाजूला! किती वेळा वाटलं, ओरडून सांगावं की अहो शेठ, मी इकडं आहे. पण पट्ट्याला कुठं तोंड असतं?

माझ्या भावाचं काय झालं तेही ऐका. रामनाथ पहिले दोन दिवस त्याला लावायचा. मग एकदा मी ऐकलं, गाडी पुसताना तो दुकानातल्या हमालाला सांगत होता.

"शेठ मोकळं बसत्यात आन् मी सोताला बांधून घ्यायचं? बरं दिसत न्हाई राव. त्यांना वाटंल, ह्याला आपला जीव लई प्यारा."

मालक पायरीवर बसला असताना आपण खुर्चीवर बसू नये, तसाच हा मान. तेव्हापासून माझा भाऊ खांबाशी नुसता लटकत राहिला. नाक्यावर पोलीस दिसला तर रामनाथ त्याला छातीवर आडवा धरायचा, नाका गेला की सोडून द्यायचा. मालक देवासाठी मोकळा, चालक मालकासाठी मोकळा. अशा गाडीत आम्ही दोघं भाऊ जिवंतपणी पुरलेले.

मग सिद्धी अकरावीला गेली. सिद्धी म्हणजे शेठजींची नात. नारायणगावला क्लास होता, म्हणून आठम-चौदसला ती याच गाडीत मागं बसून यायची, आणि मागचा पट्टा मात्र लावायची. एका सकाळी तिचा गतीचा धडा चालू होता. वहीत तोंड खुपसलेलं, आणि एकदम म्हणाली,

"दादाजी, तुमचं वजन किती?"

"साठ किलो. का गं?"

"गाडी आता ताशी चोपन्ननं चाललीय. म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. तुम्हीपण पंधरानंच चाललाय."

"मी तर बसलोय."

"बसलाय, पण गाडीबरोबर चाललाय ना! समजा गाडी कशाला तरी धडकली. गाडी थांबेल. तुम्हाला कोण थांबवणार?"

"हा दांडा आहे की पुढं. धरीन घट्ट."

सिद्धी हसली नाही. तिनं हिशोब मांडला. मी पाठीमागून एकेक आकडा कान देऊन ऐकत होतो. पट्टा लावला असेल तर गाडीचं नाक चेपताना आणि पट्टा ताणताना माणसाला थांबायला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. तेवढ्यात पंधराचा वेग शून्य. म्हणजे त्वरण दीडशे. साठ किलोच्या माणसाला तसं थांबवायला नऊ हजार न्यूटनचं बल लागतं.

"मला न्यूटन-बिटन कळत नाही," शेठजी म्हणाले. "काट्यावर किती होईल ते सांग."

"साधारण नऊ क्विंटल."

रामनाथच्या तोंडून आपसूक निघालं, "आयला! नऊ क्विंटल म्हंजे अठरा पोती की वो शेठ!"

"अठरा पोती धराल का हातानं, दादाजी? आणि हे पट्टा असला तर. पट्टा नसला तर गाडी थांबली तरी तुम्ही पंधरानंच पुढं जाणार आणि मग डॅशबोर्डावर चार बोटांच्या जागेत थांबणार. वेळ दहापट कमी, म्हणून मार दहापट जास्त. नव्वद क्विंटल!"

जन्मभर पोती तोललेला माणूस तो. आकडा त्याला लगेच कळला. पण म्हणाले, "तुझा हिशोब बरोबर असेल बेटा. पण पूजेच्या कपड्याला हा पट्टा लागलेला चालत नाही. तिथं हिशोब नाही."

माझा धीर पुन्हा खचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेतली होती, आणि तीही अशी अडली.

पण सिद्धी प्यारीबाईंची नात, हट्टात आजीच्या वर. पुढच्या आठवड्यात एका दुपारी तिनं सीटचं कव्हर उचकटलं आणि मला बाहेर काढलं. उजेडानं मी दिपून गेलो. बादलीत कोमट पाणी, साबण, आणि माझं काळं पाणी निघतंय निघतंय, थांबतच नाही! प्यारीबाई ओट्यावरून म्हणत होत्या, "अगं बाई, किती घाण! ह्याच्यावर पाठ टेकून बसत होते का हे?" मग सिद्धीनं आजोबांच्या जुन्या पूजेच्या धोतीतून लांब पांढरी खोळ शिवली, बाजूला बंद लावून. मला हवं तसं सरकता येईल इतकी सैल. बंद सोडले की खोळ निघते, पूजेच्या कपड्यांबरोबर वेगळी धुता येते, आणि आठम-चौदसला धुतलेली, स्वच्छ चढते.

"आता लागेल ती तुमच्याच धोतीची खोळ," ती आजोबांना म्हणाली. "पट्टा कुठं लागतोय?"

शेठजींनी खोळ हातात घेतली, उलटसुलट केली, शिवण ओढून बघितली. माल पारखायची सवय! नातीकडं बघितलं. म्हणाले, "तू माझ्या देवाचंही ऐकलंस आणि तुझ्या पुस्तकाचंही. बरं. लावीन."

काय सांगू मित्रांनो! नऊ वर्षांनी मी माणसाच्या छातीवर आलो. त्या छातीची धडधड ऐकली. म्हाताऱ्याचं हृदय मधूनच एक ठोका चुकवतं, हेही मला तेव्हाच कळलं.

ती मार्गशीर्षातली चौदस होती. सिद्धीच्या क्लासला सुट्टी, त्यामुळे ती घरीच होती. दारात येऊन तिनं स्वतः मला आजोबांच्या अंगावरून आडवं घेतलं, खटकन कुलपात घातलं, आणि टाळी वाजवली.

"आज शेठ बांधलं गेलं!" रामनाथ हसला. आणि तेव्हा मी एक गोष्ट बघितली. त्याचा हात आपोआप माझ्या भावाकडं गेला. दोन बोटांनी त्यानं पट्टा धरला. मग त्यानं शेठजींकडं बघितलं, सिद्धीकडं बघितलं. कुणी काही म्हणेल म्हणून क्षणभर थांबला असेल. सिद्धी खोळीचे बंद सारखे करण्यात गुंग होती. शेठजी खेस सावरत होते. रामनाथनं हात काढून घेतला आणि चावी फिरवली.

आळेफाट्यापर्यंत सगळं ठीक होतं. पिंपळवंडीच्या अलीकडं धुकं दाटलं. आजूबाजूला उसाची शेतं, नदीकडून येणारा गारठा, दहा पावलांपुढचं दिसेना. रामनाथनं वेग कमी केला होता, पण धुक्याच्या मानानं तोही जास्तच. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, लाल कापड नाही. मोळ्यांची भिंत एकदम समोर उभी राहिली.

"शेठ!" रामनाथ ओरडला आणि ब्रेकवर उभा राहिला. टायर किंचाळले. माझी गोळी वाटीतून धावली, दाता चढला, मी गच्च झालो. तरीही गाडी पुढं गेली आणि बॉनेट थेट ट्रॉलीच्या मागच्या चाकावर आदळलं.

सेकंदाचा दहावा भाग. तुम्ही पापणी मिटून उघडता ना, त्याच्याहीपेक्षा कमी. पण माझ्यासाठी तेवढंच आयुष्य होतं. बॉनेट चेपत गेलं तसतसं गाडीचं नाक हात-दीड हात आत आलं. शेठजी सिद्धीनं सांगितल्याप्रमाणे पंधराच्या वेगानं पुढं निघाले आणि मी त्यांना धरलं. अठरा पोत्यांचा भार माझ्या धाग्यांवर आला. मी ताणलो, वीतभर लांबलो. धागान् धागा कळवळला, पण सोडलं नाही. त्यांचं कपाळ डॅशबोर्डापासून चार बोटांवर थांबलं आणि मागं आलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते माझ्यामुळंच. पण छाती शाबूत राहिली. ठोके चालू राहिले.

आणि त्याच दहाव्या भागात माझ्या शेजारून रामनाथ गेला. मी बघितलं. माझा भाऊ खांबाशी लटकत होता, त्याचीही गोळी धावली असणार, तोही गच्च झाला असणार. पण त्याच्या कवेत कुणी नव्हतं. रामनाथची छाती स्टिअरिंगवर आदळली. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

मग मोळ्यांवरून उडी टाकून ऊसतोड करणारा एक माणूस धावत आला. रखमाजी त्याचं नाव, मागून त्याला हाका मारत होते म्हणून कळलं. त्यानं रामनाथचं दार ओढलं. दार चेपून बसलेलं, हलेना.

"पाव्हणं, तुमच्या बाजूनं काढाया लागंल ह्याला. तुमी आधी उतरा!"

"माझं राहू दे," शेठजी धापा टाकत म्हणाले, "आधी रामनाथला काढा."

"आवो, तुमी सुटल्याबिगर तो कसा निघंल?"

शेठजींनी कुलपाचं लाल बटण दाबलं. दाबलं, पुन्हा दाबलं. ते वाकलं होतं. मी सुटेना. मित्रांनो, तेव्हाची माझी दशा काय सांगू! नऊ वर्षं मी तडफडत होतो की मला या माणसाला धरू द्या. आता धरलं होतं, आणि मला सोडता येत नव्हतं. मी त्याला धरून बसलो होतो म्हणून पलीकडं रामनाथचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. कापा मला! कापून टाका! मी आतल्या आत ओरडत होतो.

रखमाजीनं कमरेचा कोयता उपसला, मला हातानं ताणून धरलं, आणि दोन घावांत मोकळं केलं. शेठजींना उतरवलं. मग तिघाचौघांनी मिळून रामनाथला माझ्या सीटवरून ओढून बाहेर काढलं. धुक्यात गाडीचे आवाज, माणसांचे आवाज, मग काही नाही. माझी गाडी दोरानं ओढत इथं आणून लावली.

तीन आठवड्यांनी इथं माणसं आली. शेठजी, गळ्यात हात बांधलेला. सिद्धी. आणि एक बाई, नऊवारी नेसलेली, डोईवर पदर. ती प्रतिभा. गाडीत राहिलेला रामनाथचा डबा आणि चपला घ्यायला आली होती.

"कसा आहे तो आज?" शेठजींनी विचारलं. त्यांची नजर जमिनीवर होती.

"जगलाय," प्रतिभा म्हणाली. "पन सहा बरगड्या मोडल्यात. फुप्फुसाला टोचल्यात. श्वास घेतला की कळवळतो. डाक्तर म्हनत्यात, आता जड काम न्हाई, गाडी न्हाई. वरची वाट चढून घरी यायचं बी कसं, काय म्हाईत."

"सगळं मी बघीन. औषधपाणी, घर, सगळं."

"ते तुमी बघाल शेठ. तुमी चांगलं मानूस हाय." तिनं चपला पदराखाली घेतल्या. माझ्या कापलेल्या टोकाकडं बघितलं, मग माझ्या भावाकडं. तो अजून नव्यासारखा होता, एक धागाही ताणला नव्हता. "मला एक सांगा. तुमाला पट्टा लावायला कुनी सांगितलं व्हतं?"

"हिनं. माझ्या नातीनं."

"मग आमच्या ह्यांना कुनी न्हाई का सांगितलं?"

सिद्धीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी त्यांचासुद्धा हिशोब करायला हवा होता," ती रडत म्हणाली, "तेही पंधरानंच चालले होते." शेठजी मटकन माझ्या गाडीच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले.

मला त्यांचा राग येत नाही. मला माझाच येतो, पण पट्ट्यानं रागावून काय होणार? आता मी निकामी आहे. एकदा पूर्ण ताणलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. थोड्या दिवसांत ही गाडी भंगारात जाईल आणि मीही तिच्याबरोबर.

म्हणून जायच्या आधी तुमच्याकडं एकच मागणं मागतो, मित्रांनो. गाडीत बसलात की पट्टा लावा, पुढं बसा नाहीतर मागं. त्याला पाठीमागं कोंबू नका, सीटखाली दडपू नका. काही अडचण असली तर सिद्धीसारखी वाट काढा. पण आपलं कुलूप खटकन वाजलं म्हणजे काम झालं असं समजू नका. मान वळवा. शेजारचा बघा. तो वयानं मोठा असेल, मानानं लहान असेल, भिडेपोटी गप्प बसला असेल, त्याचा हात पट्ट्यापर्यंत जाऊन मागं आला असेल. त्याला सांगा. दोन शब्द लागतात, पट्टा लावा.

त्या सकाळी राजुरीच्या दारात रामनाथ ते दोन शब्द ऐकायला थांबला होता. तिथं बोलता न येणारे आम्ही दोघं भाऊच होतो. बाकी सगळ्यांना तोंड होतं.